हिरव्या अक्षरांतला बिघाड

मला राग लवकर येतो. घरच्यांच्या मते उगाच येतो, माझ्या मते कारणाने येतो. एका बाबतीत मात्र आमच्या ऑफिसात कुणाचंच दुमत नाही: कुणी लॉगची पातळी चुकीची टाकली, की माझ्या वाऱ्याला उभं राहायचं नाही.

लॉग म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझ्या आईलाही ते सांगावं लागलं होतं. प्रोग्राम चालू असताना स्वतःची रोजनिशी लिहीत असतो. अमुक वाजता सुरू झालो, अमुक मोजलं, अमुक जमलं नाही. दिवसाला हजारो ओळी होतात. एवढं वाचणार कोण? म्हणून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ती किती गंभीर आहे ते लिहायचं असतं. नुसतं कळवायचं असेल तर माहिती. पुढे त्रास होईल अशी शंका असेल तर इशारा. काही खरंच मोडलं किंवा थांबलं तर बिघाड. याच्या आगेमागे आणखी पायऱ्या आहेत, पण आमच्या कामाला या तीन पुरतात. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे कुठल्या गोष्टीला किती ओरडायचं, एवढंच ना? मग तुला या कामावर ठेवलं कुणी?"

आमच्याकडे एक सहकारी होता, तो प्रत्येक ओळ बिघाड म्हणूनच टाकायचा. "म्हणजे लोक वाचतात तरी," असं त्याचं म्हणणं. त्याला मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुझ्या घरी दूध उतू गेलं तरी तू बंब बोलावतोस का रे?" तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मीच त्याला मिसळ खायला घेऊन गेले आणि पापड मोडता मोडता पुन्हा तेच ऐकवलं.

ऑफिस आमचं नाशिकच्या अंबडला, एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली नट-बोल्ट तयार होतात, वर आम्ही साहेबांना धरून सहा जण. द्राक्षं परदेशी पाठवणारी जी पॅकहाऊसं असतात, त्यांच्या शीतगृहांसाठी आम्ही प्रोग्राम लिहितो. चेंबरमध्ये तापमान किती, पंखे फिरताहेत का, दार किती वेळ उघडं राहिलं, हे सगळं तो मोजतो आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर ओळीने दाखवतो. माहिती हिरव्या अक्षरांत, इशारा पिवळ्या, बिघाड लाल. लाल ओळ आली की भोंगाही वाजतो. आणि माल कंटेनरमध्ये भरला की मालाबरोबर एक अहवाल जातो. त्यात माल चेंबरमध्ये गेल्यापासूनच्या फक्त पिवळ्या आणि लाल ओळी छापल्या जातात, कारण हिरव्या वाचायला कुणाला वेळ नसतो. ही सगळी व्यवस्था माझी. मला तिचा अभिमान होता, अजूनही आहे.

त्या वर्षी आम्हाला निफाडच्या अलीकडचं एक नवं पॅकहाऊस मिळालं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणू लागले. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि आवाज असा की दोन बागांपलीकडच्या माणसाला पाणी बंद करायला सांगायचं तर त्यांना फोन लागत नसे. त्यांच्या बागेचा माल इतकी वर्षं दुसऱ्याच्या पॅकहाऊसमधून, दुसऱ्याच्या नावाने परदेशी जायचा. त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या जमिनीवर दोन चेंबरचं पॅकहाऊस उभं केलं, आणि एका परदेशी खरेदीदाराने चाचणी म्हणून एक कंटेनर घ्यायचं कबूल केलं. एकच. तो पास झाला तर पुढे बोलू, नाही झाला तर राम राम. वहिनींच्या दिरांनी आधीच पारावर सांगून ठेवलं होतं की बाईमाणसाचं पॅकहाऊस आहे, एक सीझन चालेल.

"मला तो कंटेनर पास व्हायला पाहिजे गं," वहिनी मला म्हणाल्या. "बाकी मी बघून घेईन." बोलताना हसत होत्या, पण त्यांना भीती वाटत होती. ती मला दिसली, आणि त्या दिवसापासून तो कंटेनर मला माझाच वाटायला लागला.

स्क्रीन लावायला, तपासायला मी आठवडाभर स्कूटरवरून रोज जात होते. तिथे माझी ओळख मावशींशी झाली. मावशी सुरगाण्याकडच्या. दर सीझनला गावातल्या पंधरा-वीस बायकांबरोबर खाली यायच्या आणि कात्री घेऊन घडातले खराब मणी काढायचं काम करायच्या. आपापसात त्या बायका बोलायच्या ते मला अर्धंमुर्धंच कळायचं, आमच्याशी मात्र मावशी निफाडच्या वळणाचं बोलायच्या. आणि मावशी नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या. नातवाचं पहिलीचं पुस्तक त्याच्याबरोबर बसून संपवलं, आणि मग त्यांना वाचायचं व्यसनच लागलं. बिस्किटाचा पुडा, ट्रॅक्टरची मागची बाजू, खताची गोणी, काही सोडायच्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका चिंचेखाली जायच्या आणि मावशी भाकरी घेऊन माझ्या स्क्रीनसमोर बसायच्या.

"दा-र... उघ-ड-लं," त्या मोठ्याने वाचायच्या. "दार बंद झालं. ता-प-मान चा-र. ताई, हे लय चांगलं हाय तुमचं."

"काय चांगलं आहे त्यात, मावशी?"

"पुस्तक संपून जातं. हे संपतच नाय."

माझ्या हिरव्या ओळींचं इतकं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. त्या ओळी कुणी वाचायच्याच नसतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पहिला माल चेंबरमध्ये जायचा त्या दिवशी सकाळी पूजा होती. मी नऊला पोचले तेव्हा चेंबरच्या दाराला आंब्याचं तोरण लागलं होतं, वजनकाट्याला हळदीकुंकू वाहिलं होतं, आणि वायरमन स्टुलावर चढून चेंबरच्या आत पंख्याच्या जाळीला झेंडूचा हार बांधत होता. वायरमन म्हणजे तिथला विजेचं, मशीनचं सगळं बघणारा माणूस. स्टूल डगमगत होतं म्हणून ते मी धरलं. आतमध्ये फुलं ठेवायची नसतात हे त्यालाही माहीत होतं, मलाही. पण माल आत यायच्या आधी हार काढायचा, असं ठरलं होतं. कुणी काढायचा, तेवढं ठरलं नव्हतं.

मग वहिनी माझ्याजवळ आल्या. नवं लुगडं, नाकात नथ. त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. यंत्रं नवी असल्यामुळे पहिल्या दिवशी बारीकसारीक कुरबुरी चालू होत्या, तेवढ्यात दोन पिवळ्या ओळी आणि एक लाल येऊन गेली होती.

"आज हे लाल नको गं," त्या म्हणाल्या. "मुहूर्ताचा दिवस आहे. पाहुणे येतील, दीर येतील. पहिल्या दिवशी भिंतीवर बिघाड, बिघाड लिहून आलेलं बरं दिसत नाही. शुभ दिवशी तोंडातून वाईट काढू नये."

"वहिनी, ते वाईट नाही, ते खरं आहे."

"दुपारपर्यंतच. नारळ फुटू दे, लोक जाऊ देत. मग तुला काय ओरडायचं ते ओरड."

इथे खरं म्हणजे मी भडकायला हवं होतं. माझ्या सहकाऱ्याने असं काही केलं असतं तर मी त्याला सळो की पळो करून सोडलं असतं. पण वहिनींच्या नाकातल्या नथेकडे बघून मला नाही म्हणवेना. मी लॅपटॉप उघडला आणि सगळ्या ओळींची पातळी एकच करून टाकली: माहिती. इशारा असो, बिघाड असो, सगळं हिरव्यात. भोंगा आपोआपच गप्प झाला, कारण तो फक्त लाल ओळीला वाजतो. दोन मिनिटांचं काम होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

नारळ एका फटक्यात फुटला. दीर आले, स्क्रीनकडे बघून "सगळं हिरवंगार आहे की" म्हणाले आणि पेढे घेऊन गेले. साडेअकराला पॅक झालेल्या मालाचे पहिले क्रेट आत जायला लागले. दुपारी एक वाजता जेवणं होती. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया. मी तीन पोळ्या खाल्ल्या, चौथी वहिनींनी बळेच वाढली. त्यानंतर मी पातळ्या पूर्ववत करायच्या होत्या. त्याऐवजी मी क्रेटच्या थप्पीला टेकून बसले आणि माझे डोळे मिटले.

"ताई. ओ ताई."

मावशी माझा खांदा हलवत होत्या.

"ताई, हे बघा काय म्हनतंय. पं-खा दोन थां-ब-ला."

मी डोळे न उघडताच म्हणाले, "हिरवं आहे ना, मावशी? मग काही नाही."

"हिरवंच हाय. पन पंखा थांबला असं लिवलंय. चांगलं ठळक लिवलंय. पंखा थांबल्यावर द्राक्षं गार कशी व्हतील?"

मी उठले ती ताडकन उठले. स्क्रीनवर त्या ओळीच्या खाली आणखी सोळा हिरव्या ओळी आल्या होत्या: दार उघडलं, दार बंद झालं, तापमान ठीक. आणि त्यांच्यावर, तितक्याच शांत हिरव्या अक्षरांत, पंखा दोन थांबला. वीस मिनिटांपूर्वी. तापमान ठीक दिसत होतं कारण मोजणारा सेन्सर पहिल्या पंख्याजवळ होता, आणि पहिला पंखा व्यवस्थित फिरत होता. मागच्या बाजूचे क्रेट मात्र बागेतली ऊब घेऊन तसेच उभे होते. मावशींनी ती ओळ वाचली नसती तर दुसऱ्या दिवशी माल भरेपर्यंत कुणाला काही कळलं नसतं. तो माल तसाच गरम कंटेनरमध्ये गेला असता आणि बोटीवर मऊ पडून, बुरशी धरून पोचला असता. वहिनींचा एकुलता एक कंटेनर.

"वायरमन!" मी ओरडले. त्या दिवशी वहिनींचा आवाज माझ्यापेक्षा लहान ठरला.

तो चिंचेखालून धावत आला. आम्ही चेंबरमध्ये शिरलो, त्याने टॉर्च मारला आणि बघतच राहिला. झेंडूचा हार जाळीतून आत ओढला गेला होता आणि त्याचा सुतळीचा दोरा पात्यांना असा घट्ट गुंडाळला होता की मोटर बिचारी जोर लावून लावून शेवटी बंद पडली होती. खालच्या क्रेटच्या झाकणांवर पाकळ्यांचा सडा पडला होता.

"हार कुणी काढायचा व्हता?" वायरमनने विचारलं.

"मला वाटलं, तू काढलास," वहिनी दारातून म्हणाल्या.

"मला वाटलं, म्याडमनी."

"मी फक्त स्टूल धरलं होतं," मी म्हणाले. आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत होतो आणि मावशी मागून म्हणाल्या, "आधी दोरा तर कापा," आणि कंबरेला खोचलेली मणी काढायची कात्री काढून त्याच्या हातात दिली.

दोरा निघाला, पंखा फिरला. आम्ही पाकळी न् पाकळी वेचली, झाकणं पुसली, मागचे क्रेट बाहेर काढून काट्याचा थर्मामीटर मण्यांत खुपसून तापमान घेतलं, पुन्हा आत ठेवले, दर अर्ध्या तासाने पुन्हा घेतलं. सहापर्यंत मागचा माल पुढच्या मालाच्या बरोबरीने गार झाला. मी खाली बसून पातळ्या पूर्ववत केल्या. आता मला हसू येत होतं. वहिनींना तर इतकं हसू आलं की त्यांनी नथ काढून हातात घेतली.

तेवढ्यात वायरमन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "म्याडम, एक बरं झालं. लाल नाय आलं. हिरवं कागदावर जात नाय ना? मग कुनाला कळायचं नाय."

तोपर्यंत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरंच होतं ते. माझ्या चुकीने तो बिघाड माहिती म्हणून नोंदला गेला होता, आणि माहितीच्या ओळी अहवालात छापल्या जात नाहीत. सकाळी कंटेनरबरोबर जाणारा कागद कोरा, स्वच्छ जाणार होता. मी लॅपटॉप मिटून बॅगेत टाकला. स्कूटर काढली आणि नाशिकला आले.

राग आला की मला झोप चांगली लागते. त्या रात्री मेल्यासारखी झोपले, कारण राग सगळा माझ्यावरच होता. सकाळी उठले तेव्हा तो तसाच ताजा होता. सात वाजता मी पुन्हा निफाडच्या रस्त्याला होते. थंडी अजून गेली नव्हती, बागांवर धुकं होतं, आणि मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने स्वतःला शिव्या देत होते. सिग्नलला शेजारच्या टेम्पोवाल्याने विचारलं, "काय झालं ताई?" मी म्हटलं, "काही नाही." हेही खोटंच.

कंटेनर फाटकात येऊन उभा होता. माल भरून होत आला होता. मी वहिनींना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं: पातळी मी बदलली होती, परत करायला मी विसरले, म्हणून तो बिघाड कागदावर येणार नाही. झालेली ओळ मला बदलता येत नाही, लॉगमधलं पुसायचं नसतं हा आमचा नेमच आहे. पण खाली नवी ओळ घालता येते. लाल. काल इतके वाजता पंखा थांबला होता, चुकून माहिती म्हणून नोंदला गेला, असं.

वहिनींनी शांतपणे ऐकलं. "लाल लिहिलं तर ते माल नाकारतील?"

"नाकारू शकतात."

"आणि नाही लिहिलं तर?"

"कुणाला कळणार नाही."

त्या भिंतीला टेकल्या. मला वाटलं आता म्हणतील की राहू दे. त्यांनी तसं म्हणावं अशी माझी अर्धी इच्छाही होती, ते मी कबूल करते.

"तीस वर्षं झाली मला या घरात येऊन," त्या म्हणाल्या. "मुहूर्ताला वाईट बोलायचं नाही. जेवताना बोलायचं नाही. तिन्हीसांजेला बोलायचं नाही. सासऱ्यांच्या छातीत दुखत होतं, सण होता, तर म्हणाले गॅस झालाय. दुसऱ्या दिवशी गेले. मग बोलायचं कधी गं?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "कर लाल."

मी लॅपटॉप उघडला.

"आणि हाराचं लिही," त्या लगेच म्हणाल्या. "पंख्यात दोष नव्हता. पंखा नवा आहे माझा, उगाच त्याचं नाव खराब नको."

म्हणून कारणाच्या रकान्यात मी इंग्रजीत लिहिलं की झेंडूच्या फुलांचा हार पात्यांत अडकला. पुढे दर अर्ध्या तासाला घेतलेलं मण्यांचं तापमान जोडलं. पातळी चुकीची कुणी ठेवली होती, तिथे माझं नाव टाकलं. पुढचा रकाना होता बिघाडाची दखल कुणी घेतली त्याचा. तो भरल्याशिवाय लाल ओळ बंद होत नाही, आणि लाल ओळ बंद झाल्याशिवाय अहवाल छापला जात नाही. हेही मीच केलेलं. मी मावशींचं नाव लिहायला लागले तर वहिनींनी माझा हात धरला.

"तिला बोलाव. तिचं ती लिहील."

मावशी आल्या. आधी त्यांनी हात धुतले, मग पदराला पुसले, मग पुन्हा धुतले. मी लॅपटॉपच्या स्क्रीनवर मराठी कीबोर्ड काढून दिला. पहिलं अक्षर सापडायलाच वेळ लागला. बाहेर कंटेनर सील व्हायचा होता, ड्रायव्हरला संध्याकाळच्या आत बंदर गाठायचं होतं, त्याने हॉर्न वाजवला. मावशी दचकल्या आणि भलतंच अक्षर उमटलं. वहिनींनी खिडकीतून त्याला असं काही सुनावलं की त्याने इंजिनसुद्धा बंद केलं. मग सगळं शांत झालं. बायका कात्र्या ठेवून दाराशी गोळा झाल्या. कुणीतरी मदतीला बोट पुढे केलं, तर मावशींनी त्या बोटावर चापटी मारली.

"थांब गं. माझं नाव हाय, मी लिवते."

सहा-सात मिनिटं लागली असतील. नाव पूर्ण झालं, त्यांनी ते वाचलं, आडनाव लिहिलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग मी छपाईचं बटण दाबलं. कागद बाहेर आला. त्यावर एकच ओळ होती, लालभडक. वहिनींनी तो घडी न घालता ड्रायव्हरच्या हातात दिला आणि कंटेनर फाटकाबाहेर पडला.

त्यानंतर महिना-सव्वा महिना नुसती वाट बघायची होती. बोट पाण्यात होती. इकडे सीझन सरत आला, बागा रिकाम्या झाल्या, मावशींचा जथा डोंगरावर परत गेला. तिकडे पावसाआधी भाताच्या राबाची, म्हणजे रोपांच्या वाफ्याची, जमीन भाजून ठेवायची असते. मी दुसऱ्या पॅकहाऊसांच्या कामात होते, पण रोज सकाळी उठल्या उठल्या आधी फोन बघायचे. वहिनींच्या नवऱ्याने नंतर मला सांगितलं की त्या महिन्यात त्या घरात इतक्या हळू आवाजात बोलायच्या की त्यांना काळजी वाटायला लागली होती.

एप्रिलमध्ये यंत्रणा पुढच्या वर्षापर्यंत बंद करायला मी निफाडला गेले होते, तेव्हा फोन आला. खरेदीदाराच्या इकडच्या प्रतिनिधी बाईंचा. वहिनींनी तो उचलला आणि घाबरून माझ्या हातात दिला. मी स्पीकर लावला.

"तुमचा माल पोचला," बाई म्हणाल्या. "उघडून बघितला. पास आहे."

वहिनींनी माझ्या हातातला फोन स्वतःकडे ओढला.

"आणि एक," बाई हसत होत्या. "तो हार. आम्ही तिकडे झेंडू म्हणजे काय ते सांगता सांगता दमलो. पण दर अर्ध्या तासाचं तापमान होतं, आणि चूक कुणाची तेही लिहिलेलं होतं, म्हणून त्यांनी मान्य केलं. पुढच्या वेळी हार दाराबाहेर लावा."

"पुढच्या वेळी?" वहिनी म्हणाल्या. एवढंच त्यांना ऐकू आलं होतं. "पुढच्या वेळी म्हणालात ना तुम्ही?"

फोन ठेवल्यावर वहिनींचा आवाज परत आला. त्यांनी नवऱ्याला हाक मारली ती बहुधा विंचूरपर्यंत गेली असेल. मला मिठी मारली, वायरमनच्या पाठीत धपाटा घातला. मग म्हणाल्या, "मावशीला सांगायला पाहिजे."

मावशींच्या सुनेकडे फोन होता. तिकडे रेंज घराच्या मागच्या एका टेकाडावरच मिळते, त्यामुळे चार वेळा लावला तेव्हा लागला. सून फोन तिथेच ठेवून मावशींना हाका मारत गेली. बऱ्याच वेळाने धापा टाकत मावशी आल्या.

"मावशी, ऐका," वहिनी ओरडल्या. "कंटेनरचा निरोप आलाय. आपला..."

"वैनी, थांबा," मावशी तिकडून म्हणाल्या. "सांगू नका. लिवून पाठवा. फोन चालूच ठेवा, मी वाचते."

वहिनींनी चष्मा लावला. एका बोटाने, जीभ दातांत धरून, त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. आम्ही तिघंही त्या फोनवर वाकून उभे राहिलो. पलीकडून वारा ऐकू येत होता, एक कोंबडी ओरडत होती, सून काहीतरी दाखवत होती आणि मावशी तिला गप्प बसवत होत्या.

"मा-ल," मावशी वाचायला लागल्या. "माल. पा-स. माल पास..."

वहिनींनी माझा हात घट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ओठ मिटून हुंदका दाबत होत्या, कारण तिकडचं वाचन अजून संपलं नव्हतं.

"झा-ला. माल पास झाला." मावशी थांबल्या. एक मोठा श्वास आला. "पुढ-च्या... सीझ-न-ला... या."

आणि मग मावशी म्हणाल्या, "येते."